धुकेगडचा राजा काय पांघरतो?



तुमच्यापैकी कुणाकुणाचं स्वतःचं राज्य आहे? हसू नका, मी खरंच विचारतेय. गणिताच्या वहीच्या शेवटच्या पानावर नकाशा काढायचा, त्यात एक नदी सोडायची, एक किल्ला बांधायचा, शेजारच्या बाकावरच्या मित्राला सेनापती नेमायचं. असं राज्य पुष्कळांचं असतं, फक्त बाईंना दाखवायचं नसतं!

आमच्या चौथीच्या वर्गात सध्या अशी तीन राज्यं आहेत, आणि ती बाईंना माहीत आहेत, कारण स्नेहसंमेलनात त्यांचंच नाटक बसवायचं आहे. पाण्याकाठचं खाडीपूर, उंच डोंगरातलं धुकेगड आणि घनदाट झाडीतलं दाटवन. नावं मुलांनीच ठेवली. गोष्टही त्यांनीच रचली. मग मी म्हटलं, आता तिथली माणसं कशी दिसतात ते काढून आणा.

दुसऱ्या दिवशी चित्रं आली. खाडीपूरच्या राजाला मखमलीचा झगा, जरीची किनार, गळ्यात मोत्यांच्या माळा, मागे जमिनीवर लोळणारी शाल आणि डोक्यावर मुकुट. धुकेगडच्या राजालाही तेच, फक्त झगा हिरवा. तिन्ही राज्यांचे लोक एकाच ड्रेपरीवाल्याकडून कपडे भाड्याने घेऊन आल्यासारखे दिसत होते. दाटवनच्या लोकांना मात्र वेगळा पोशाख होता. कमरेला पानं, डोक्यात पिसं आणि अंगाला काळा रंग. त्या पानांबद्दल मला बरंच बोलायचं आहे. पण आधी मखमलीचं बघू.

मी खाडीपूरच्या मंत्रिमंडळाला विचारलं, "तुमच्या राज्यात उकडतं का हो?" ते म्हणाले, "खूप! खाडी आहे ना." म्हटलं, मग या राजाला मे महिन्यात दुपारी दोन वाजता पनवेलच्या एस.टी. स्टँडवर उभं करा आणि किती वेळ टिकतो ते सांगा. वर्गात हशा पिकला. राजाचा झगा तिथल्या तिथे खोडरबराने गेला.

मग तिथे काढायचं काय? त्यासाठी फार लांब जावं लागलं नाही. आपल्याकडे खाडीकाठी कोळी आणि आगरी लोक कितीतरी पिढ्यांपासून राहत आहेत. मासेमारी, भातशेती, मिठागरं ही त्यांची कामं. जुन्या कोळणीचं लुगडं आठवा. नऊवारी, पण गुडघ्यापर्यंतच, कासोटा घट्ट मारलेला. असं का, हे वर्गातल्या एका मुलीने लगेच सांगितलं. तिची आजी मासे विकते. "खाली असलं तर चिखलात भिजेल ना बाई! आणि होडीत चढणार कसं?" पुरुषांचा कमरेचा त्रिकोणी रुमालही त्याच हिशोबाचा. भिजायला कापड कमी आणि वाळायला वेळ कमी.

बघा हं, इथे एक गंमत आहे. आम्ही वर्गात एक जुनं नऊवारी लुगडं आणून मीटरपट्टीने मोजलं. नऊ वार म्हणजे साधारण सव्वाआठ मीटर, आमच्या वर्गाच्या एका भिंतीपेक्षाही लांब. त्याला ना बटण, ना शिवण, ना नाडी. हेच कापड एक बाई गुडघ्यापर्यंत नेसते आणि पाण्यात उतरते, दुसरी घोट्यापर्यंत नेसते आणि लग्नाला जाते. कापड एकच, नेसण बदलली की काम बदललं, गाव बदललं. तुमच्या राज्यातल्या दोन गावांत फरक दाखवायचा असेल तर दरवेळी नवं कापड लागतंच असं नाही.

धुकेगडचा प्रश्न वेगळा होता. तिथे थंडी, धुकं आणि मेंढ्या. मेंढ्या आहेत म्हटल्यावर माझं काम सोपं झालं, कारण मेंढ्या आल्या की घोंगडी आलीच. धनगर मेंढ्यांची लोकर कातरतात, सूत काढतात, मागावर पट्टे विणतात आणि ते जोडून घोंगडी होते. तिला चिंचोक्याची खळ देतात, म्हणून नवी घोंगडी अशी कडक असते आणि अंगाला टोचते. रात्री ती अंथरूण, पहाटे पांघरूण, आणि पावसात तिचीच खोळ करून डोक्यावर घ्यायची. एका वस्तूचे इतके उपयोग असले की ती माणसाच्या खांद्यावरून उतरत नाही, आणि मग तिच्यावरूनच माणूस ओळखला जातो.

घोंगडी म्हटल्यावर धुकेगडच्या मुलांची तोंडं जरा पडली. राजाला घोंगडी? शोभेल का? तेव्हा मी त्यांना एका सिनेमाची गोष्ट सांगितली. २०१८ साली 'ब्लॅक पँथर' नावाचा इंग्रजी सिनेमा आला. त्यातलं वाकांडा हे आफ्रिकेतलं राज्य नकाशावर कुठेच नाही, ते सगळं कल्पनेतलं. त्याच्या सीमेवर पहारा देणारे योद्धे खांद्यावर नक्षीदार ब्लँकेटं घेतात. ही ब्लँकेटं मात्र अगदी खरी आहेत. आफ्रिकेच्या दक्षिण भागात लेसोथो नावाचा डोंगराळ देश आहे. तिथले बसोथो लोक थंडीसाठी अशीच ब्लँकेटं पांघरतात. त्याच सिनेमातल्या राणीच्या डोक्यावरची ती मोठी गोल टोपी झुलू लोकांमधल्या लग्न झालेल्या बायकांच्या टोपीवरून घेतलेली आहे. हे कपडे रूथ कार्टर या बाईंनी तयार केले आणि २०१९ साली त्यांना त्यासाठी ऑस्कर मिळालं. म्हणजे डोंगरातल्या मेंढपाळांचं पांघरूण सगळ्या जगाने डोळे मोठे करून पाहिलं. तेव्हा घोंगडीला नाक मुरडू नका!

आता दाटवनची पानं.

आमच्या वर्गात कर्नाळ्याच्या अंगाला असलेल्या एका ठाकूरवाडीवरून एक मुलगी येते. फारशी बोलत नाही. चित्रं भिंतीवर लावली तेव्हा ती दाटवनच्या चित्रापुढे बराच वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "बाई, आमची वाडी जंगलातच आहे. तिथं कुणी पानं नेसत नाही."

वर्ग एकदम गप्प झाला. चित्र काढणाऱ्या मुलाच्या मनात काही वाईट नव्हतं, हे मला ठाऊक आहे. "टीव्हीवर असंच दाखवतात," असं तो पुटपुटला आणि ते खोटंही नव्हतं. जुन्या सिनेमांतून, नाटकांतून, फॅन्सी ड्रेसच्या स्पर्धांतून 'जंगली माणूस' म्हटलं की हीच पानं, हीच पिसं आणि हाच काळा रंग. पण आपण राज्य कल्पनेतलं रचलं तरी नाटक बघायला बसणारी माणसं खरी असतात. पहिल्या रांगेत तिचे आईवडील असतील. आपल्या लेकीच्या वर्गातली मुलं अंगाला काळं फासून उड्या मारताना त्यांनी बघायची, आणि बाकीच्यांनी हसायचं? मला ते चालणार नव्हतं. मी तसं वर्गात स्पष्ट सांगितलं.

पण नुसतं खोडून टाकलं असतं तर दाटवन उघडं पडलं असतं. म्हणून मी त्या मुलीलाच विचारलं, "पानांचं तुमच्याकडे काहीच करत नाहीत का?" ती म्हणाली, "करतात की. आजा इरलं करतो."

निम्म्या वर्गाला इरलं म्हणजे काय हेच माहीत नव्हतं. आता तुम्हांलाही सांगते. भातलावणीच्या दिवसांत आपल्या कोकणात कसा पाऊस पडतो ते सांगायला नको. शेतात वाकून दोन्ही हातांनी रोपं लावायची असतात, तेव्हा छत्री धरणार कोण? म्हणून बांबूच्या कामट्यांची जाळी विणायची, तिच्यात पळसासारखी रुंद पानं एकावर एक अशी बसवायची की पाणी आत न शिरता खाली ओघळून जाईल. आकार पालथ्या होडीसारखा. डोक्यावरून पाठीवर घेतलं की माणूस वाकला तरी पाठ कोरडी आणि हात मोकळे! प्लॅस्टिक येण्याआधी घरोघरी इरली असत. आता खूपच कमी दिसतात.

त्या मुलीच्या आजोबांनी जुनं इरलं शाळेत पाठवलं. आम्ही ते नळाखाली धरून पाहिलं. वर्गातला सगळ्यांत दंगेखोर मुलगा आत बसला आणि बाहेर पाण्याच्या बादल्या. जवळजवळ कोरडा निघाला! आता नाटकात दाटवनचे लोक इरली घेऊन येतात, आणि राजवाड्यातली सगळी मखमली माणसं पावसात चिंब भिजलेली असताना हेच तेवढे कोरडे असतात. हा प्रसंग मुलांनी स्वतः घातला. गोष्टीचा शेवटच त्याने बदलला. कपड्यांमुळे गोष्ट बदलते हे मीही तिथेच पाहिलं.

तुम्ही म्हणाल, बाई, आम्हांला आत्ताचं नको, जुन्या काळासारखं राज्य हवं. उत्तम! मग जुन्या काळाकडे नीट बघा. तुमच्यापैकी कितीतरी जण एकवीरेला जात असाल. देवीचं दर्शन घेऊन तसेच खाली उतरू नका. शेजारीच कार्ल्याचं लेणं आहे, सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचं. दाराच्या दोन्ही बाजूंना दगडात कोरलेली स्त्री-पुरुषांची जोडपी आहेत. त्यांची पागोटी बघा, केवढी मोठी! बायकांच्या पायांतले वाळे बघा, चांगले जाडजूड. अंगावर शिवलेला कपडा जवळजवळ नाहीच, सगळं गुंडाळलेलं आणि नेसलेलं.

अजिंठ्याची चित्रं तर त्याहून नवलाची. त्यांतली बरीचशी साधारण दीड हजार वर्षांपूर्वीची. तिथे राजाराणीच्या अंगावर कापड कमी आणि दागिने जास्त! शिवलेले, बाह्यांचे अंगरखे पुष्कळदा सेवकांच्या आणि सैनिकांच्या अंगावर दिसतात. म्हणजे जास्त कपडे तो मोठा माणूस, हा आपला हिशोब तिथे उलटा. पहिल्या क्रमांकाच्या लेण्याच्या छतावर परदेशी माणसं रंगवली आहेत. त्यांना टोकदार टोप्या आहेत आणि पायांत मोजे! आपल्याकडच्या उन्हात मोजे घातलेला माणूस दिसला की तो थंड देशातून आलेला पाहुणा, हे चित्रकाराने एकही शब्द न लिहिता सांगून टाकलं.

या अजिंठ्याच्या चित्रांवरून एका मराठी बाईंनी काय केलं ते सांगते. भानू अथैया हे नाव ऐकलंय? त्यांचा जन्म कोल्हापूरचा, १९२९ सालचा. माहेरच्या त्या राजोपाध्ये. वडील चित्रकार होते. मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये त्या चित्रकला शिकल्या आणि पुढे सिनेमांचे कपडे करू लागल्या. १९६६ च्या 'आम्रपाली' सिनेमाला वैशाली नगरीचे कपडे हवे होते. आम्रपाली बुद्धाच्या काळातली, जवळजवळ अडीच हजार वर्षांपूर्वीची. त्या काळातलं चित्र आणायचं कुठून? भानूताईंनी अजिंठ्याची चित्रं अभ्यासली आणि त्यांवरून कपडे तयार केले. हिशोब करा बरं, आम्रपाली आणि ही चित्रं यांच्यात सुमारे हजार वर्षांचं अंतर पडतं! काटेकोर इतिहास म्हणून विचाराल तर ते जुळत नाही. पण मला विचाराल तर निवड योग्य होती. मनाने काहीतरी झगमगीत जोडण्यापेक्षा, याच मातीत कुणीतरी नेसलेलं कापड पडद्यावर आलं.

पुढे १९८२ च्या 'गांधी' सिनेमाचे कपडे त्यांनी केले, जॉन मोलो या इंग्रज गृहस्थांच्या जोडीने. १९८३ साली दोघांना मिळून ऑस्कर मिळालं. ऑस्कर मिळवणाऱ्या त्या पहिल्या भारतीय. हे जॉन मोलो कोण, ठाऊक आहे? 'स्टार वॉर्स' हा १९७७ चा सिनेमा तुमच्या आईबाबांनी पाहिला असेल. अंतराळातलं साम्राज्य, चमकत्या तलवारी आणि काळा शिरस्त्राणवाला डार्थ व्हेडर. त्याचे कपडे मोलोंनी केले होते आणि त्यांचं पहिलं ऑस्कर त्यालाच मिळालं. हे गृहस्थ मुळात जुन्या लष्करी गणवेशांचे अभ्यासक. त्यांवर पुस्तकं लिहिलेली. व्हेडरचं ते शिरस्त्राण नीट पाहिलंत तर जपानच्या सामुराई योद्ध्यांचं शिरस्त्राण आठवतं. साम्राज्याच्या अधिकाऱ्यांचे कोट पाहिलेत तर जुन्या जर्मन सैन्याचे कोट आठवतात. ग्रह कल्पनेतले, पण बटणं इतिहासातली!

तुमच्या राज्यात दोन गट असतील आणि त्यांचं पटत नसेल, तर आणखी एक बारीक युक्ती आहे. मुघल काळातला जामा म्हणजे बंदांनी बाजूला बांधायचा घेरदार अंगरखा. हिंदू तो डाव्या बाजूला बांधत आणि मुसलमान उजव्या बाजूला. कापड तेच, शिंपी कदाचित तोच, पण बंद कुठल्या काखेखाली आहे ते पाहून चित्रातला माणूस कोण ते कळतं. आणि आपल्या पगड्या? पुणेरी वेगळी, शिंदेशाही वेगळी, होळकरशाही वेगळी. दुरून नुसतं डोकं दिसलं तरी स्वार कुणाकडचा याचा अंदाज करता यायचा. मुकुट काय, सगळ्याच राजांना असतो. तुमच्या राज्यातल्या भाजीवाल्याच्या डोक्यावर काय आहे ते आधी ठरवा.

रंगांचंही थोडं सांगून टाकते. राज्य जुन्या काळातलं असेल तर वाट्टेल तो रंग वाट्टेल त्याला देऊ नका. १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन नावाचा अठरा वर्षांचा मुलगा मलेरियावरचं औषध तयार करण्याच्या खटपटीत होता. औषध झालं नाही, जांभळा रंग झाला! कारखान्यातल्या कृत्रिम रंगांची सुरुवात तिथून झाली. त्याआधी रंग निघायचा तो झाडापासून, किड्यापासून नाहीतर मातीपासून. लाल मंजिष्ठेच्या मुळांतून, पिवळा हळदीतून किंवा डाळिंबाच्या सालीतून, निळा नीळीच्या पानांतून. नीळीच्या रांजणातून कापड बाहेर काढलं की ते आधी हिरवट-पिवळं असतं, आणि हवा लागली की तुमच्या डोळ्यांदेखत निळं होतं. आता मला सांगा, तुमच्या राज्यात नीळ उगवते का? उगवत नसेल तर निळा कपडा घालणारा माणूस श्रीमंत असला पाहिजे, किंवा चोर!

पालकांनो, दोन शब्द तुमच्याशी. नाटक म्हटलं की ड्रेपरीवाल्याचं भाडं आठवून पोटात गोळा येतो, मी जाणते. या खेळात तो खर्च जवळजवळ नाहीच. आम्हांला लागलं ते जुनी लुगडी, पंचे, एक घोंगडी, बांबूच्या कामट्या आणि डी.एड.ला असताना कार्यानुभवात शिकलेले चार टाके, जे इतक्या वर्षांनी उपयोगी पडले. आजीला मात्र यात ओढा. नऊवारी नेसवायला माझ्यापेक्षा तिला चांगलं येतं, आणि नेसवता नेसवता ती जे सांगते ते पुस्तकात नसतं. एकच विनंती. मूल एखाद्या समाजाचा पोशाख करणार असेल तर त्या समाजातल्या कुणाला तरी आधी विचारा आणि झाल्यावर दाखवा. गल्लीतल्या कोळीणमावशी लुगड्याचा काष्टा चुकला तर अशा काही रागावतात की मूल जन्मात विसरत नाही!

आता तुम्ही सध्या वहीत लपवलेलं राज्य बाहेर काढा. तिथला एक माणूस निवडा, राजा सोडून. त्याचं चित्र काढा आणि आमच्याकडे पाठवा. चित्राच्या मागे मात्र तीन गोष्टी लिहायच्या. हे कापड कशाचं आहे, ते कुणी केलं, आणि हा माणूस दिवसभर काम काय करतो. मागे काही लिहिलं नसेल तर चित्र कितीही छान असलं तरी मी ते परत पाठवणार, आधीच सांगून ठेवते.

आणि हो, धुकेगडच्या राजाचं भांडण अजून मिटलेलं नाही. घोंगडी तो पांघरणार हे नक्की झालं. पण कुठल्या रंगाची? एक गट म्हणतो काळी, कारण तिच्यावर मळ दिसत नाही. दुसरा गट म्हणतो पांढरी. त्यांच्या म्हणण्याप्रमाणे धुकेगडच्या सगळ्या मेंढ्या काळ्या आहेत, पांढऱ्या फक्त तीन. तीन मेंढ्यांच्या लोकरीची घोंगडी व्हायला किती वर्षं लागतील, याचं गणित सध्या फळ्यावर आहे. काल मधल्या सुट्टीत कुणीतरी चौथी पांढरी मेंढी वाढवली, त्यावरून पुन्हा वाद सुरू झाला आहे.

तुमच्या बाई